सगळं खातो, साहेब!

चौथ्या दिवशी सकाळीही त्याने कशाला तोंड लावलं नाही, तेव्हा प्रस्तुत लेखकांनी घरी आजारपण असल्याचं ऑफिसात कळवून टाकलं. ते काही धादांत खोटं नव्हतं. घरात एक जीव चार दिवस उपाशी होता आणि त्यापायी दुसऱ्याची झोप उडाली होती. उपाशी होता तो चार बोटं लांबीचा, पांढऱ्या अंगावर केशरी उभे पट्टे ओढलेला, चिमट्यासारखं निमुळतं तोंड पुढे काढून फिरणारा खाऱ्या पाण्यातला मासा. झोप उडाली होती ती लेखकांची. (हे आदरार्थी बहुवचन लेखकांनी स्वतःच स्वतःला बहाल केलं आहे. घरात दुसरं कोणी देत नाही.)

माशाचं बाजारातलं नाव कॉपरबँड बटरफ्लाय. शास्त्रज्ञ त्याला केल्मॉन रोस्ट्रॅटस म्हणतात. पाठीवरच्या पराच्या मागच्या टोकाशी त्याला डोळ्यासारखा एक काळा ठिपका असतो, शत्रूने शेपटीलाच डोकं समजावं म्हणून. हा ठिपका लेखकांना फार आवडला. सोफ्यावर बसलेल्या पाहुण्याला ‘यातला खरा डोळा कुठला, सांगा बरं’ असं विचारायचं, तो चुकला की हसायचं आणि मग सावकाश माहिती पुरवायची, असा सगळा कार्यक्रम दुकानात उभ्या उभ्या त्यांच्या मनात तयार झाला. त्यांनी आधी विचारलं, “रंग असाच राहील ना?” मासा खातो काय, हे पैसे देता देता विचारलं.

“सगळं खातो, साहेब,” पिशवीत ऑक्सिजन भरता भरता दुकानदार म्हणाला.

या छंदात मुरलेली मंडळी अशा वेळी म्हणतात, “माझ्यासमोर घाल काहीतरी, खाऊ दे.” मासा खाताना दिसला तर घेतात, नाहीतर आठ दिवसांनी येतो म्हणून चालू लागतात. हे लेखकांना पाठ होतं. पण दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि त्यांच्यापुढे नवशिके दिसायची लेखकांची तयारी नव्हती.

त्यात पूर्वीचा एक गर्व होता. टाकीत आधीपासून दोन क्लाउनफिश नांदत होते, पोरंसोरं ज्यांना नेमो म्हणतात ते. दीड वर्षात त्यांनी समोर आलेलं काही म्हणून नाकारलं नव्हतं. गोळ्या खाल्ल्या, गोठवलेली कोळंबी खाल्ली, एकदा मुलीच्या हातून पडलेला चिवड्यातला पोहासुद्धा चघळून पाहिला. “हाताला गुण असावा लागतो,” असं लेखक सोसायटीच्या गच्चीवर सांगत. खरी गोष्ट अशी की हे मासे आता सर्रास हॅचरीत जन्मतात. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही त्यांची पैदास करून दाखवली आहे. डोळे उघडल्यापासून (माशाला पापण्या नसतात, पण म्हणायचं म्हणून) ते माणसाच्या हातचंच खातात. त्यांना जेवू घालणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढण्याइतकं कर्तृत्वाचं काम.

कॉपरबँडचं तसं नाही. तो समुद्रातून धरून आणलेला असतो. तिथे दिवसभर खडकांच्या आणि प्रवाळांच्या भेगांत चिमटा घालून तो बारीकसारीक किडे वेचत हिंडतो. अन्न वरून पडतं, ही गोष्ट त्याच्या सात पिढ्यांत कोणी ऐकलेली नसते. प्रवासाला निघण्यापूर्वी त्याला मुद्दाम उपाशी ठेवतात, पिशवीतलं पाणी घाण होऊ नये म्हणून. बंद पिशवीत त्याच्याच श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा आम्लपणा वाढतो आणि त्यामुळे साचलेला अमोनिया बराचसा कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली, तो वायू उडाला, की तोच अमोनिया पुन्हा जहाल व्हायला लागतो. म्हणजे सुटलो म्हणावं तोच घटका धोक्याची! असा प्रवास करून आलेल्या जिवापुढे पहिल्याच संध्याकाळी, टाकीचे सगळे दिवे लावून, सहकुटुंब काचेला नाक लावून लेखकांनी गोठवलेल्या मायसिसची वडी सोडली. मायसिस म्हणजे कोळंबीसारखा दिसणारा बारीक जीव. वडी सुटली, जीव पाण्यात पसरले, क्लाउनफिशांनी आडवा हात मारला. कॉपरबँड पंपाच्या पाइपामागे गेला आणि तिथून त्याने लेखकांवर आपला खोटा डोळा रोखला.

दुसरा दिवस लसणीचा. लसणीचा रस लावला की माशाची भूक चाळवते, असं या छंदात बरेच जण मानतात. तेवढ्यासाठी लसणीच्या अर्काच्या इवल्या बाटल्याही मिळतात. लेखकांनी किंमत पाहिली आणि घरच्या खलबत्त्यावर विश्वास टाकला. संध्याकाळपर्यंत फ्रीझरमधल्या मायसिसला लसूण, त्याशेजारच्या मटाराला लसूण आणि कसा कोण जाणे, दुसऱ्या दिवशीच्या चहालाही लसूण. “आता हिंग-मोहरीची फोडणी तेवढी राहिली,” सौभाग्यवती म्हणाल्या. माशाने वास घेतला की नाही ते कळलं नाही. खाल्लं नाही, हे कळलं.

तिसऱ्या दिवशी लेखकांनी आर्टेमिया बाहेर काढला, आणि इथे वाचकांनी थोडा धीर धरावा. हा विषय निघाला की लेखकांना आवरत नाही. घरच्यांनी आवरून पाहिलं आहे.

आर्टेमिया हा मिठागरातला जीव. माशांना सोसणार नाही इतक्या खारट पाण्यात तो सुखाने राहतो, कारण तिथे त्याला खाणारे मासेच नसतात. पाणी आटायला लागलं की मादी पिल्लांऐवजी टणक कवचाची अंडी टाकते, खसखशीहून बारीक, तपकिरी. ती कोरडी ठणठणीत वर्षानुवर्षं पडून राहतात. मेलेली नसतात, नुसती थांबलेली असतात. खारं पाणी मिळालं की सुमारे चोवीस तासांत पिल्लं बाहेर. अमेरिकेतल्या यूटा राज्यात ग्रेट सॉल्ट लेक नावाचं सरोवर आहे, तिथली अंडी गोळा करून डबाबंद होतात आणि जगभरच्या कोळंबीच्या हॅचऱ्यांना जातात. मुंबईच्या मिठागरांतही अभ्यासकांना हा जीव पूर्वीच सापडलेला आहे. पण लेखक यूटाचाच डबा मागवतात. पाहुण्यांना ‘यूटा’ म्हणून सांगता येतं.

याच अंड्यांच्या जिवावर हॅरल्ड फॉन ब्राउनहट नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने १९६०च्या दशकात पैसा केला. अंडी पाकिटात घालून त्याने त्यांना ‘सी-मंकीज’ असं नाव दिलं आणि कॉमिक्समधून जाहिराती केल्या. जाहिरातीत गुलाबी अंगाचं, डोक्यावर मुकुटासारखं काहीतरी असलेलं, हसतमुख कुटुंब. मुलांनी साठवलेले पैसे पाठवायचे, पाकीट आलं की पाण्यात रिकामं करायचं आणि डोळे ताणून बघायचं, तर पाण्यात वळवळणारी टिंबं. त्या मुलांना काय वाटलं असेल, हे ‘सगळं खातो, साहेब’ ऐकून घरी आलेला माणूस नीट समजू शकतो.

तर, हॅचरी. सोड्याच्या बाटलीचं बूड कापून ती उलटी टांगायची, खारं पाणी भरायचं, तळापर्यंत हवेची नळी सोडायची, बाजूला दिवा लावायचा. लेखकांची बाटली स्वयंपाकघरात ओट्याखाली, डोशाच्या पिठाच्या पातेल्याशेजारी बुडबुडत असते. एका सकाळी कोणी कशात मीठ घातलं यावरून वाद झाला होता, तो इथे काढायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशी हवा बंद करायची आणि टॉर्च लावायची. कवचं वर तरंगतात आणि पिल्लांचा केशरी ढग उजेडाकडे सरकत येतो. टॉर्च डावीकडे नेली की ढग डावीकडे, उजवीकडे नेली की उजवीकडे. ऑफिसात, घरात, सोसायटीच्या सभेत लेखकांच्या बोटाच्या इशाऱ्यावर कोणी हललेलं नाही. इथे हजारो जीव हलतात! पहाटे साडेपाचला, हातात टॉर्च घेऊन, ओट्यापुढे उकिडवे बसलेले लेखक कितीतरी वेळ ढग इकडून तिकडे फिरवत असतात. अशा वेळी दूध घ्यायला उठलेल्या माणसाला काय वाटत असेल याचा विचार त्यांनी केलेला नाही. मोठा झाल्यावर आर्टेमिया पाय वर करून उताणा पोहतो, हेही सांगायचं होतं. पण पिल्लांच्या अंगातला बलक काही तासांतच सरतो आणि त्यांच्यातला कस कमी होतो, म्हणून ती ताजी असतानाच घालावी लागतात. तेव्हा इथेच थांबू.

घातली. क्लाउनफिशांनी बहुतेक संपवली. कॉपरबँड पुढे आला, एक पिल्लू टिपलं आणि थुंकलं.

“चव घेतली!” लेखक ओरडले.

“थुंकला, बाबा,” मुलगी म्हणाली. “त्याच्या मागण्या काय आहेत ते तरी विचारा एकदा.”

घराने आता त्याला रीतसर उपोषणकर्ता ठरवलं. कितवा दिवस आहे ते मुलगी रोज फ्रिजवरच्या पाटीवर लिहू लागली. मोसंबीचा रस घेऊन कुठला मंत्री येणार नव्हता. ‘फाइंडिंग नेमो’ हा २००३चा सिनेमा तिला पाठ आहे. त्यात दातांच्या डॉक्टरच्या टाकीतून सुटकेचे बेत रचणारा गिल नावाचा पुढारी आहे. तो मूरिश आयडॉल जातीचा. ही जात प्रत्यक्षात काचेआड आली की बऱ्याचदा खाणंच सोडते आणि झुरून मरते, ही माहिती लेखकांनी मुलीला कौतुकाने दिली. मग दोघंही थोडा वेळ गप्प बसली.

सहाव्या दिवशी लेखकांना त्याच्या डोक्यामागे, पाठीच्या वरच्या बाजूला, खळगा दिसल्यासारखा वाटला. पोट आत जाणं एक वेळ चालतं. पाठ खचली म्हणजे मासा स्वतःचे स्नायू जाळून जगतो आहे आणि तिथून त्याला परत आणणं कठीण. लेखकांनी पाण्याची घनता मोजली, १.०२५. अमोनिया मोजला, शून्य. तासाभराने दोन्ही पुन्हा मोजलं. क्लाउनफिश दादागिरी करत असतील या संशयाने त्याला भोकांच्या पारदर्शक पेटीत घालून टाकीतच वेगळं ठेवलं आणि समोर स्टूल टाकून बसले.

रात्री हा मासा आपल्यापर्यंत आला कसा, याचा विचार त्यांच्या मनात आला. आला नसता तर बरं झालं असतं. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून शोभेचे मासे धरायला सोडियम सायनाइड वापरत आले आहेत. गोळ्या बाटलीत विरघळवायच्या, ते पाणी प्रवाळाच्या कपारीत मारायचं आणि गुंगलेला मासा हातानेच उचलायचा. आजूबाजूचं प्रवाळ त्यात मरतं. तिथे कायद्याने बंदी आहे, तरी प्रकार थांबलेला नाही. यातून वाचलेला मासा वरून धडधाकट दिसू शकतो, रंगसुद्धा शाबूत. हा मासा तसा धरलेला होता, असं म्हणायला पुरावा नाही. नव्हता असं म्हणायलाही नाही. दुकानदाराला ठाऊक नव्हतं, त्याच्या घाऊकवाल्याला कोणी विचारत नाही, आणि लेखकांनी सर्वांत आधी विचारलं होतं ते रंगाबद्दल. २०१७ साली केंद्र सरकारने शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी नियम काढले, १५८ जातींवर बंदी घालणारी यादी जोडली, तेव्हा हेच लेखक गच्चीवर तावातावाने बोलले होते की आता माशांच्या टाकीतही सरकार हात घालणार का! त्या वेळी त्यांच्याकडे दोन गोल्डफिश होते. पुढे ते नियम मागे घेतले गेले, तेव्हा पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

सातव्या दिवशी ते बाजारात गेले.

या विषयावरच्या इंग्रजी पुस्तकांत हट्टी कॉपरबँडवर एक जालीम उपाय दिलेला असतो. जिवंत शिंपला उघडायचा, एक शिंप काढून टाकायची आणि दुसरीत मांस तसंच ठेवून ती खडकात खोचायची. माशाला वाटतं, आपली कपार, आपलं भक्ष्य. लेखकांनी हे वाचलं तेव्हा परदेशी विद्येबद्दल त्यांना आदर वाटला होता. बाजारात तिसऱ्यांच्या ढिगापुढे उभं राहिल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की याला घरात तीन पिढ्या एकशिपी म्हणतात आणि वर खोबऱ्याचं वाटण घालतात.

“पाच द्या,” ते कोळणीला म्हणाले.

“पाच वाटे?”

“पाच तिसऱ्या.”

तिने टोपलीवरून नजर उचलली. “दादा, किती माणसं जेवायला?”

“माणसं नाहीत. मासा आहे एक.”

“मासा खाणार तिसऱ्या?” ती शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “मग तुम्ही काय खाता?” आणि एक अख्खा वाटा पिशवीत ओतून पैसे मोजून घेतले. पुढचे दोन दिवस मासा उपाशी आणि घर तिसऱ्यांच्या सुक्यावर, असं चाललं. उपोषणाने घरादाराची वजनं वाढल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण असावं.

आठव्या दिवशी सकाळी पेटीतली शिंप लख्ख रिकामी होती. लेखकांनी फोटो काढला, स्टेटसला ठेवला आणि खाली ‘चिकाटी’ एवढाच शब्द लिहिला. सत्तावीस जणांनी अंगठे पाठवले. त्या रात्री दुसरी शिंप खोचून ते दिवे मालवून टॉर्च घेऊन लपून बसले. साडेअकराच्या सुमाराला पेटीच्या वरच्या फटीतून टाकीतलाच लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा झिंगा लांबलचक मिशा सावरत आत उतरला, शिंपेवर बैठक मारली आणि दोन्ही हातांनी जेवू लागला. कॉपरबँड कोपऱ्यातून बघत होता. स्टेटस काढून टाकायला हवं होतं. काढलं नाही.

नवव्या दिवशी लेखकांच्या आईने तोंड उघडलं. आठ दिवस त्या काही बोलल्या नव्हत्या. तिसऱ्या त्याच चिरून देत होत्या, विळीच्या पात्यावर शिंप टेकवून, एका झटक्यात.

“तू आधी त्याच्या तोंडाकडे बघणं बंद कर.”

“मग खाल्लं की नाही हे कळणार कसं?”

“तुला कळावं म्हणून खायचंय का त्याने?”

लेखक काहीतरी अमोनियाबद्दल सांगू लागले. आईने हाताने थांबवलं.

“मला वेंगुर्ल्याला आणलं ना, तेव्हा मी आठ दिवस ताकभातावर काढले होते,” ती म्हणाली. “आम्ही कऱ्हाडकडचे. शिंपला मी चित्रात बघितलेला. सासूबाई वाईट नव्हत्या हो. ‘जेव गो बाय, जेव गो,’ करायच्या. पण त्यांनी म्हटलं की सगळी पंगत माझ्या ताटाकडे बघायची. सासरे, दीर, वरून डोकावणारी शेजारीण. घास तोंडात नुसता फिरायचा. रात्री माजघरात पोटाला उशी धरून पडायचे.”

“मग?”

“मग काय! तुझी धाकटी आत्या. दहा-बारा वर्षांची असेल. दुपारी मागच्या पडवीत येऊन बसली माझ्याशेजारी, ताटलीत एकशिपी घेऊन. माझ्याकडे पाठ. खात होती आणि कोंबड्यांबद्दल काहीतरी बडबडत होती. खुडूक कोंबडी कुठे बसलीये, असलं. मी ताटलीत कधी हात घातला, मलाच कळलं नाही.”

लेखक पन्नाशीला आले आहेत. आई मासे साफ करतच जन्माला आली असावी, अशी त्यांची आजवर समजूत होती. कधी विचारलं नव्हतं. आठ दिवस, हे त्यांना राहून राहून जड जात होतं. आपल्या माशाचे तर नऊ झाले होते. आणि खाणारा मासा शेजारी असला की नवा मासा त्याचं बघून खायला शिकतो, हे पुस्तकात अगदी ठळक दिलेलं होतं. लेखकांनी ते पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं. करून मग नव्याला पेटीत कोंडलं होतं.

संध्याकाळी पेटी काढली. आईने चिरून दिलेली तिसरी लेखकांनी मधल्या खडकाच्या कपारीत उभी खोचली. टाकीचे पांढरे दिवे बंद केले, निळा तेवढा ठेवला. स्टूल बाल्कनीत गेलं. टीव्ही बंद करायला सांगितल्यावर मुलीने कुरकुर केली, पण केला. जेवायचं टेबल टाकीपासून चार हातांवर आहे. आईने लेखकांना मुद्दाम टाकीकडे पाठ येईल अशा खुर्चीत बसवलं.

जेवण सुरू झालं. कोणी माशाबद्दल बोलायचं नाही असं ठरलं होतं, त्यामुळे कोणी काहीच बोलेना. मग आई पाण्याच्या मोटारीबद्दल बोलायला लागली, ती पहाटे चालू करून कोणी बंद करत नाही वगैरे. सौभाग्यवती तिला दुजोरा देत होत्या. लेखकांनी पोळीचा तुकडा मोडला आणि सहज समोर पाहिलं. बंद टीव्हीच्या काळ्या काचेत मागची अख्खी टाकी उलटी दिसत होती, निळीजांभळी, आतल्या खडकासकट.

दोन ठिपके खडकाशी आले. क्लाउनफिश. एकाने शिंपेतून तुकडा ओढला, सोडला, पुन्हा ओढला. थोड्या वेळाने काचेच्या कडेला एक उभा पट्टा दिसला, मग दुसरा. पट्टे थांबले. मागे गेले. मोटारीचं बिल सोसायटीने भरायचं की पहिल्या मजल्यावरच्यांनी, यावर आई ठामपणे काहीतरी सांगत होती. पट्टे पुन्हा पुढे आले, तिरके झाले, आणि तो लांब चिमटा कपारीत गेला. बाहेर आला. पुन्हा गेला. या वेळी तो बाहेर आला तेव्हा त्याच्या टोकाला काहीतरी पांढरं लोंबत होतं आणि मासा मान झटकावी तसा सगळ्या अंगाने झटकत होता.

लेखकांच्या हातातली पोळी ताटात पडली. त्यांची मान वळू लागली.

“वळू नकोस,” आई खाली बघूनच म्हणाली. “भात घे.”